भाव पडला की ड्रायरची आठवण : घरचं खोकं काय करू शकतं, काय नाही?

उन्हाळ कांदा खळ्यावर आला आणि भाव घसरले की दरवर्षी एक व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. लाकडाचं खोकं, वर काच, आत काळा पत्रा आणि जाळीवर कांद्याच्या चकत्या. खाली लिहिलेलं असतं, ‘आता कांदा रस्त्यावर फेकू नका, वाळवून विका.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा हिशोबाचा भाग आहे आणि तो कुणी सांगत नाही.

वाळवण आपल्याकडे नवीन नाही. कुरडया, सांडगे, पापड उन्हाळ्यात घरोघरी होतात. तासगाव भागात द्राक्षाचा बेदाणा शेडमध्ये जाळीच्या कप्प्यांवर वाळवतात. तिथं थेट ऊन लागू देत नाहीत, माल खेळत्या वाऱ्यावर सुकतो. ड्रायरचंही तत्त्व हेच. उन्हाने हवा तापवायची आणि ती गरम हवा मालातून फिरवून ओल बाहेर काढायची.

खोकं बनतं कसं

लागणारं सामान गावात मिळतं. जुन्या खिडकीची काच किंवा पॉलिहाऊसचा कागद, प्लायवूड, पत्रा, काळा रंग, मच्छरदाणीची जाळी. साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी उथळ पेटी करायची, तळाला काळा केलेला पत्रा आणि वर काच. पेटीचं तोंड दक्षिणेला ठेवायचं. नाशिक भागात साधारण २० अंशांचा उतार चालतो, म्हणजे सहा फुटांच्या लांबीला मागची बाजू दोन फूट वर उचलायची. खालच्या टोकाला हवा आत यायला जागा ठेवायची आणि वरच्या टोकाला मालाचं उभं कपाट जोडायचं. कपाटाच्या माथ्यावर धुराड्यासारखी वाट. खालून गार हवा शिरते, पत्र्यावर तापते, ट्रेमधून वर चढते आणि ओल घेऊन निघून जाते. ना वीज, ना पंखा. हवेच्या दोन्ही वाटांना जाळी हवीच, नाहीतर माशा आणि मुंग्या आधी जेवतात.

तीन चुका नेहमी होतात. पहिली, ट्रेला जस्ताचा मुलामा असलेली जाळी लावणं. टोमॅटोच्या आंबटपणाने जस्त सुटतं आणि मालात उतरतं. स्टेनलेस स्टीलची किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीची प्लास्टिक जाळी वापरावी. दुसरी, रंग ओला असतानाच माल भरणं. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत खोकं तीन-चार दिवस रिकामंच उन्हात तापवावं. तिसरी, वरची वाट बंद ठेवणं. जास्त उष्णता म्हणजे लवकर वाळणं, असं वाटतं. पण मे महिन्याच्या उन्हात हवा अडली तर आतली उष्णता फार चढते, कांदा तांबूस पडतो किंवा चकती वरून कडक आणि आतून ओली राहते. अशा मालाला डब्यात बुरशी धरते. भाजीला ५५ ते ६० अंश सेल्सिअस पुरे. साधा थर्मामीटर आत टांगला की कळतं.

ट्रॉलीचा हिशोब

कांद्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं, टोमॅटोत ९० टक्क्यांच्या वर. वाळवणं म्हणजे हे पाणी उडवणं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर काचेवर जेवढी उष्णता पडते, तिच्यातली काही वाया जाते. उरलेल्या उष्णतेत चांगला ड्रायर दिवसाला साधारण दोन लिटर पाणी उडवतो. वर सांगितलेलं खोकं पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास आहे. म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी, सोललेला कांदा चार किलोच्या आत. हाती येणार अर्धा किलोच्या आसपास. घरच्या साध्या बांधणीत याहून थोडं कमीच धरावं.

आता ट्रॉली घ्या. २० क्विंटल कांद्यात सुमारे १,७०० लिटर पाणी. ते उडवायला गुंठाभर जागेवर काच पसरावी लागेल, तीही आठ-नऊ दिवस. म्हणजे भाव पडल्यावर ट्रॉली वाचवण्याचं काम या खोक्याचं नाही. ज्यांनी ते तसं विकायला आणलं, त्यांनी हा हिशोब सांगितलेला नाही.

किलोमागे काय सुटतं

एक किलो वाळलेल्या कांद्याला साधारण दहा किलो ओला कांदा लागतो. बाजारात आठ रुपये किलो भाव असेल तर कच्चा माल ८० रुपयांचा. सोलणं-चिरणं हाताने केलं तर अडीच तास धरू. बाईची रोजंदारी ३०० रुपये धरली तर ही मजुरी ९० रुपयांच्या पुढे जाते. पिशवी आणि लेबल ३० रुपये. एकूण २०० रुपये. भाव २५ रुपये झाला की हाच खर्च पावणेचारशेच्या घरात जातो. त्यामुळे हा धंदा भाव पडल्यावरच परवडतो. गिऱ्हाईकाला मात्र माल बारा महिने लागतो.

बहुतेक घरांत मजुरीचा रकाना कोराच राहतो, कारण कांदा घरच्याच बाया चिरतात. फुकटची मजुरी धरून काढलेला नफा हा नफा नव्हे.

आणखी एक अडचण. कांदा वाळवणाऱ्या मोठ्या कारखान्यांची पसंती पांढऱ्या कांद्याला असते, कारण त्यात घनपदार्थ जास्त असतात आणि पावडर पांढरी निघते. जळगाव आणि गुजरातेतलं महुवा ही त्याची मोठी ठिकाणं. निफाड, येवला, चांदवडचा लाल आणि उन्हाळ कांदा त्या बाजारात थेट टक्कर देऊ शकत नाही.

मग खोकं कुणाच्या कामाचं?

पहिलं म्हणजे घराच्या. वर्षभराची मेथी, शेवगा पाला, कढीपत्ता, टोमॅटो घरात राहतो. दुसरं, बचत गटाच्या, पण आधी गिऱ्हाईक ठरवून. मसाला करणारा, ढाबेवाला, चिवडा-फरसाणवाला यांना अर्धा किलो नमुना देऊन ‘महिन्याला किती घेणार?’ हे विचारल्याशिवाय दुसरं खोकं बांधू नये. मराठवाड्यात एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने गावातल्या महिलांना सौर ड्रायर दिले आणि वाळलेला माल विकत घेण्याची व्यवस्थाही उभी केली. २०२३ मध्ये तिला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्यातला धडा यंत्राचा कमी आणि खरेदीचा जास्त आहे.

सरकारी मदत यंत्रापाशी थांबते. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बँक कर्जाला जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरलं. बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपये बीजभांडवलाची तरतूद झाली. योजनेची सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारावी. पण अनुदानाने यंत्र येतं, गिऱ्हाईक येत नाही, आणि कर्जाचा हप्ता दोन्हीची वाट बघत नाही.

आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उघडली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. पुढे ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला उठलं. दीड वर्षात इतक्या वेळा धोरण फिरलं, त्याला घरचं खोकं उत्तर देऊ शकत नाही. ‘प्रक्रिया करा’ हा सल्ला देऊन भावाची जबाबदारी शेतकऱ्याच्या अंगणात ढकलता येणार नाही.

तरी एक खोकं करून बघायला हरकत नाही. जुनी काच, उरलेला पत्रा आणि सुताराचा एक दिवस, एवढ्यात भागतं. पंधरा दिवस वही ठेवावी : किती ओला घातला, किती वाळला, किती तास गेले, कुणाचे गेले. वहीचा आकडा जमला आणि घेणारा सापडला, तर पुढच्या कर्जाचा विचार. नाही जमला, तर घरात वर्षाचं वाळवण तरी आहेच.