सिकलसेलचे जनुक ‘वाईट’ आहे काय?



‘अमक्या घराण्यातले जनुकच खराब आहे’ असे वाक्य हल्ली पुष्कळदा कानांवर पडते. व्याख्यानांतून ‘सदोष जनुक’ हा शब्द येतो, बातम्यांतून येतो आणि मग तो गावातल्या बोलण्यातही शिरतो. आपल्याकडे सहाव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते अशी जुनी समजूत आहे. आता सटवाईच्या जागी जनुक आले, एवढाच काय तो फरक! माझे मत असे की, ‘वाईट जनुक’ हा शब्दप्रयोग शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहेच, शिवाय तो माणसांना इजा करणारा आहे. तो आपण सोडून द्यावा. असे का म्हणतो, ते सिकलसेल या आजाराचे उदाहरण घेऊन सांगतो.

हे उदाहरण आपल्यापासून दूरचे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा या विदर्भातील जिल्ह्यांत आणि सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्ह्यात हा आजार आढळतो. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. तेव्हा हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतलाही गेला असेल. त्या थेंबात डॉक्टर नेमके काय शोधत असतात?

एका अक्षराचा फरक

आपल्या तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा हे त्याचे काम. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा ४ माळा असतात: १४१ मण्यांच्या २ अल्फा माळा आणि १४६ मण्यांच्या २ बीटा माळा. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी ओवायचा, हे डीएनए या न्यूक्लिइक आम्लात लिहिलेले असते. डीएनएमधील तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक मणी, अशी ती भाषा आहे. बीटा माळेचे सूत्र जिथे लिहिले आहे, ते जनुक आपल्या ११ व्या गुणसूत्रावर असते.

सिकलसेलमध्ये या बीटा माळेतील फक्त सहावा मणी बदललेला असतो. तेथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. त्याचे कारण डीएनएमधील ‘जी-ए-जी’ या शब्दाचा ‘जी-टी-जी’ झालेला असतो. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या ग्रंथात एकच अक्षर वेगळे! परंतु ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडते आणि व्हॅलिनला पाण्याचे वावडे असते. त्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात. त्यांचे लांबच लांब तंतू बनतात आणि एरवी गोल असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, प्लीहेसारख्या अवयवांना इजा होते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून अंगात रक्त कमी पडते.

हे शोधून काढायला अनेक वर्षे लागली. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले, तेव्हा ते नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या वेगाने सरकले. आजाराचे मूळ एका रेणूत आहे, हे प्रथमच दिसले. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी दोन्ही हिमोग्लोबिनांचे एका विकराने तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. सुमारे ३० ठिपक्यांपैकी एकच ठिपका जागा सोडून बसलेला होता. त्याचा पाठपुरावा करून १९५७ साली त्यांनी तो बदललेला मणी ओळखला. डीएनएच्या तीन-अक्षरी भाषेचा पूर्ण शब्दकोश १९६६ पर्यंत तयार झाला. त्या कामात आपल्या हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता आणि त्याबद्दल १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन शास्त्रज्ञांबरोबर मिळाले.

मग हे जनुक वाईटच नव्हे काय?

तुम्ही म्हणाल, ‘एवढ्या यातना देणाऱ्या जनुकाला वाईट म्हणू नये तर काय म्हणावे?’ प्रश्न रास्त आहे. आजार वाईट आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण आजार आणि जनुक या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच हा आजार होतो. विदर्भात त्याला ‘एसएस’ म्हणतात. एकच प्रत बदललेली असेल तर त्या व्यक्तीला ‘एएस’ किंवा वाहक म्हणतात. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. ती शाळेत जाते, शेतात राबते, कबड्डी खेळते. म्हणजे तेच जनुक अंगात असूनही आजार नाही!

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले की, वाहक मुलांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. मलेरियाने घरोघर मुले दगावत होती, त्या काळात आणि त्या प्रदेशात या एका अक्षराने असंख्य जीव वाचवले आहेत. म्हणून तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भारतात जिथे मलेरियाचे थैमान होते, तिथेच ते जास्त आढळते. आता सांगा, हे जनुक चांगले की वाईट? मलेरियाच्या रानात एक प्रत असेल तर उपकारक, दोन प्रती असतील तर घातक, आणि मलेरिया नसलेल्या शहरात एक प्रत असली काय नि नसली काय, फारसा फरक नाही. उत्तर परिस्थितीवर ठरते. जनुकाच्या अंगी चांगुलपणा किंवा वाईटपणा चिकटलेला नसतो.

तिसरी गोष्ट. जन्मापूर्वी बाळाच्या रक्तात बीटाऐवजी गॅमा माळांचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर ते कमी होत जाते. ज्या रुग्णांत ते बऱ्यापैकी टिकून राहते, त्यांचा आजार सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरिया हे तोंडाने घेण्याचे औषध हेच हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावरील जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यातही विळ्याचे अक्षर दुरुस्त केले जात नाही. बाळपणीचे हिमोग्लोबिन बंद करणारी कळ तेवढी निकामी केली जाते. ज्याला आपण ‘खराब’ म्हणत होतो ते जनुक जागच्या जागी राहते, आणि तरीही रुग्णाच्या असह्य दुखण्याला आळा बसतो. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. त्यामुळे आपल्या खेड्यांत आज तरी वेळेवर तपासणी आणि साधी औषधे हाच आधार आहे.

कपाळावर गोंदण?

शब्दांनी काय बिघडते, असे कुणाला वाटेल. त्यांच्यासाठी एक सत्य घटना सांगतो. ज्या पॉलिंग यांनी या आजाराचे मूळ रेणूत शोधले, त्यांनीच १९६८ साली असे सुचवले की, प्रत्येक वाहक तरुणाच्या कपाळावर एक खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! हेतू दुःख कमी करण्याचा होता. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते, हे गणितही बरोबर होते. पण सूचना चुकीचीच होती. एवढ्या थोर रसायनशास्त्रज्ञालाही हे दिसले नाही की, खूण एकदा कपाळावर आली की ती कशी वाचायची ते समाज ठरवतो.

पुढे झालेही तसेच. १९७० नंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या तपासणीचे कायदे केले. त्यांतील काही कायद्यांत वाहक आणि रुग्ण यांतला फरकही धड केलेला नव्हता. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्यासाठी जादा पैसे मोजावे लागले. तेथील वायुसेनेच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. गोंदण न करताच गोंदणाचे सगळे दुष्परिणाम झाले.

आपल्याकडे हे घडू द्यायचे नसेल तर तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. एक, शाळेत रक्त तपासण्याआधी वर्गात हा विषय नीट शिकवावा. मेंडेलचे वाटाणे शिकवताना त्याच तासाला ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांचा तक्ताही काढता येईल. दोन, तपासणीचा निष्कर्ष त्या मुलाला व त्याच्या पालकांनाच सांगावा. तो वर्गात मोठ्याने वाचू नये, फळ्यावर लावू नये. तीन, निष्कर्ष सांगताना ‘तुमचे जनुक खराब आहे’ असे न म्हणता, ‘तुमच्या एका जनुकात एक बदल आहे, तुम्ही आजारी नाही, लग्नाच्या वेळी मात्र जोडीदाराचीही तपासणी करून घ्या’ असे म्हणावे. माहिती तीच राहते. पहिल्या वाक्याने माणूस तपासणीपासून पळतो, दुसऱ्याने तो निर्णय घ्यायला समर्थ होतो.

आणि हेही विसरू नका की, एका प्रतीत गप्प बसलेले, दोन प्रती झाल्यास त्रास देणारे असे काही ना काही बदल तुम्हा-आम्हा प्रत्येकाच्या जनुकांत असतातच. कपाळे गोंदवायचीच ठरली तर एकही कपाळ कोरे राहणार नाही. तेव्हा उद्या तुमच्या बाकावरच्या मित्राने ‘मी एएस आहे’ असे सांगितले, तर दूर सरकू नका. सहाव्या मण्याची ही हकीकत त्याला सांगा. कदाचित ती त्याला अजून कुणी सांगितलेली नसेल.