आलेखातले प्रत्येक शिखर म्हणजे उद्रेक नव्हे

दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, वय बातम्यांत ‘सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे’ एवढ्यावर उरकले जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या विंधनछिद्रात या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तो संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. लाव्हाच्या एवढ्या थरांचे वय एका आकड्यात मावत नाही. त्यासाठी स्फटिकांच्या वयांचा आलेख वाचावा लागतो आणि तिथेच घोटाळा होतो.

पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. त्याच्या सुमारे ११ टक्के अणूंचा आर्गॉन-४० होतो आणि तो स्फटिकात अडकून राहतो. त्यावरून काढलेले प्रत्येक स्फटिकाचे वय त्रुटीसह घंटेच्या आकाराच्या वक्राने दाखवतात. अशा सर्व वक्रांची बेरीज म्हणजे वितरण-आलेख. प्रत्येक वक्राखालचे क्षेत्रफळ सारखेच असल्याने १ लाख वर्षे त्रुटीचा वक्र १० लाख वर्षे त्रुटीच्या वक्राच्या दहापट उंच दिसतो. म्हणजे काटेकोर मोजलेला एकच स्फटिक आलेखात शिखर उभे करून उद्रेकाचा आव आणू शकतो.

आलेखाची शेपटीही तपासायला हवी. ती जुन्या वयाकडे लांबली, तर जादा आर्गॉन किंवा आधीच्या खडकातला स्फटिक मिसळल्याची शंका घ्यावी. अलीकडच्या वयाकडे लांबली, तर खडक कुजून आर्गॉन निसटल्याची. मांजरा नदीच्या वाळूतले कण मोजले, तर बेसाल्ट आणि ग्रॅनाइट असे दोन गट निघतील. त्यांची सरासरी कोणत्याच खडकाचे वय सांगणार नाही.

सपाट आलेखही फसवतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात सह्याद्रीतल्या लाव्हावर दोन अभ्यास आले. झिरकॉन या खनिजाच्या युरेनियम-शिसे वयांवरून एका गटाने उद्रेकाचे चार टप्पे मांडले. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या आर्गॉन वयांवरून दुसऱ्याला तो जवळपास अखंड वाटला. प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम तुटपुंजे, त्यामुळे त्रुटी मोठी. टप्प्यांमधले अंतर त्रुटीहून लहान असेल, तर ते आलेखात बुजून जाते. टप्पे दिसले नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे ठरत नाही.

तेव्हा खडकाचे वय छापताना स्फटिक किती मोजले, त्रुटी किती आणि कोणती वयं कोणत्या कारणाने वगळली, या तीन गोष्टी सोबत द्यायलाच हव्यात. त्यांना दोन ओळी पुरतात.

— एक वाचक, लातूर