वाढत्या अंगाचा वेटसूट

कपडे घ्यायला गेलं की आमच्या आईचा एक डायलॉग ठरलेला. ‘थोडा ढिल्लाच घे नं, पुढच्या वर्षीही होईल!’ चंद्रपूरच्या गोल बाजारात घेतलेला माझा प्रत्येक फ्रॉक, प्रत्येक युनिफॉर्म हा असा वाढत्या अंगाचा. पुढे अंग वाढायचं थांबलं, पण सवय काही थांबली नाही. आजही ट्रायल रूममध्ये एम व्यवस्थित बसत असला, तरी हात आपोआप एलकडे जातो. फिटिंगच्या कपड्यांत आपण कसे दिसू, लोक काय बघतील, ही धाकधूक त्यात असतेच.

ही सवय मला नेमकी कुठे भोवावी? थेट इंग्लंडात. तेही पाण्याखाली अठरा मीटरवर!

आधी थोडा फ्लॅशबॅक. मे महिन्यात पारा ४७-४८ला टेकतो, त्या गावची मी. थंडीशी ओळख म्हणजे आरमोरीच्या मामाकडची शेकोटी आणि मार्कंड्याच्या जत्रेत महाशिवरात्रीला पहाटे वैनगंगेत मारलेली डुबकी. डुबकीचं बरं असतं. नाक दाबायचं, आत-बाहेर करायचं आणि टॉवेलकडे धूम ठोकायची. स्कूबा शिकले तेही अंदमानात, स्वराज द्वीपला. तिथलं पाणी २८-२९ अंश. तिथे वेटसूट घालायचा तो खरचटू नये आणि जेलीफिशने डसू नये म्हणून. त्यामुळे सूट निवडणं म्हणजे कलर निवडणं, असा माझा ठाम समज.

मग गेल्या जूनमध्ये लेस्टरला मामेबहिणीकडे गेले. ताई आरमोरीची, पण आता तिकडेच नोकरी आणि तिकडचंच डायव्हिंग. ती मला जवळच्या स्टोनी कोव्हला घेऊन गेली. ही ग्रॅनाइटची जुनी खाण. काम बंद झालं, पाणी भरलं आणि आता तिथे डायव्हर्सची जत्रा. तळाशी मुद्दाम बुडवून ठेवलेली एक टगबोटसुद्धा आहे. आमच्याकडे दुर्गापूर-घुग्गुसला पाणी साचलेल्या खाणीजवळ फिरकलं तरी पाठीत धपाटा बसायचा (आणि तो योग्यच होता, तिथे ना रेस्क्यू ना पायऱ्या). इथे लोक तिकीट काढून उतरत होते!

भाड्याच्या सूट्समधून ताईने सात मिलिमीटरचा एम काढून दिला. तो चढवताना मला घाम फुटला. आरशात पाहिलं तर पोटाची प्रत्येक वळी हजर! ‘ताई, एल दे नं,’ म्हटलं. ती नको नको म्हणत असताना मी एल चढवला. काय कम्फर्टेबल वाटलं म्हणून सांगू!

पाण्यात पहिली पाच मिनिटं मजेत गेली. मग हात हलवला की मानेतून गार पाण्याचा लोंढा आत, पाय मारला की कमरेतून बाहेर. पाठीवर कुणी फ्रिजमधल्या बाटल्या रिकाम्या करतंय असं वाटत होतं. ताईने खुणेने विचारलं, ओके? मी तर्जनी-अंगठा जुळवून सांगितलं, ओके! तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा ओके. एवढं फिरायला आणलंय, आता रडायचं कसं? आपण बॉसच्या ‘ऑल वेल?’ला देतो ना, अगदी तसलं हे ओके.

अठरा मीटरवर मनगटावरच्या कॉम्प्युटरने ११ अंश दाखवले. दातखीळ बसेल इतकी हुडहुडी भरली होती. जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण चाचपलं, तर बोटांना ते सापडेचना. तेव्हा खरी घाबरले आणि अंगठा वर केला. जमिनीवर अंगठा म्हणजे ‘मस्त’, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘डाइव्ह संपली, वर चला’. ताईने एक प्रश्न विचारला नाही. माझा हात धरून हळूहळू वर आणलं, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेतला आणि काठावर आणून गरम चहाचा मग हातात कोंबला. मग तोंडाचा पट्टा सुरू.

‘काय वो, ताडोब्यात कशी कुडकुडली होतीस, विसरली का?’

आठवलं! डिसेंबरची पहाट, उघडी जिप्सी आणि माझ्या अंगात मामीने विणलेला जाडजूड स्वेटर. विणीच्या भोकांतून वारा आरपार जात होता आणि मी लटपटत होते. शेजारी मामा मात्र पातळशा, पण अंगाला घट्ट बसलेल्या विंडचीटरमध्ये आरामात वाघाचे पगमार्क बघत होता. जाडी माझ्याकडे होती, पण ऊब त्याच्याकडे!

वेटसूटचं गणित हेच. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. निओप्रीन या रबरात वायूचे लाखो बारीक बुडबुडे असतात आणि खरी ऊब तेच धरून ठेवतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की उबेसाठी कोरडं राहायची गरजच नाही. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होतं. अट एकच, ते पाणी तिथेच राहायला हवं. सैल सूटमध्ये ते सारखं बदलतं आणि प्रत्येक वेळी नवं पाणी तापवायचं बिल तुमच्या शरीराच्या नावावर फाटतं.

तर दोस्तहो, सुट्टीत थंड पाण्यात उतरायचा बेत असेल, तर सूट घेताना एवढं बघाच.

जाडी : ढोबळ हिशेब असा. २४ अंशांच्या वर तीन मिलिमीटर, १८ ते २४ला पाच, १० ते १८ला सात. त्याखाली सरळ ड्रायसूट, पण त्याचं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं. आइसलंडच्या सिल्फ्रामध्ये पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं, तिथे वेटसूटचा विचारही नको. आणि तापमान विचाराल ते तळाचं विचारा. वरचं पाणी फसवं असतं.

खोली : दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि सूट पातळ होतो. म्हणजे खाली जास्त गार आणि ऊब कमी! थंडी लवकर वाजत असेल, तर एक नंबर जाड घ्या.

फिटिंग : कमरेचा खळगा, काख, मान आणि जांघ, या चार ठिकाणी पोकळी नको. हात वर करा, उकिडवे बसा, खोल श्वास घ्या. श्वास अडला किंवा गळा आवळला तर तो सूट नको. नुसता घट्ट वाटला तर घाबरू नका, पाण्यात तो जरा सैलावतो.

डोकं, हात, पाय : हूड, ग्लोव्हज, बूट. यात कंजुषी केली की बोटं आधी संपावर जातात.

वजन : जाड निओप्रीन तरंगतं. बेल्टला जास्त शिसं लागेल, ते काठाजवळच तपासून घ्या.

सेकंडहँड : वापरून वापरून निओप्रीन चेपतं. लेबलवर सात असलं तरी बोटांत दाबून बघा.

आणि चढवायची ट्रिक? पायाला किराण्याची प्लॅस्टिक पिशवी घाला, पाय सुळकन आत जातो.

दुसऱ्या दिवशी मी एम घातला. आरशात तेच पोट, त्याच वळ्या. काठावर मात्र माझ्याकडे बघायला कुणालाही वेळ नव्हता. सगळे आपापल्या वळ्या आत कोंबण्यात बिझी! त्या दिवशी पस्तीस मिनिटं खाली होते. टगबोट नीट पाहिली आणि ताईच्या प्रत्येक ‘ओके?’ला दिलेलं उत्तर खरं होतं.

परत येताना माझ्या मापाचा एक सूट विकत घेऊनच आले. चंद्रपूरला गोड्या पाण्यात धुऊन तो घरातच सावलीत वाळत घातला, कारण आमच्या गच्चीवरचं ऊन निओप्रीनला मानवणारं नाही. आईने दार उघडलं आणि दचकलीच. मग जवळ जाऊन तिने कापड ताणून पाहिलं.

‘केवढा टाइट वो हा! पुढच्या वर्षी होईल का?’

‘पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, आई. यंदा मस्त बसतो.’