गावठी बोरीचे रूपांतर : तीन उन्हाळ्यांचे काम

करमाळा तालुक्यातील केम हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते कुंकवासाठी. दौंड-सोलापूर लोहमार्गावरील या स्थानकावर उतरून शिवाराकडे निघालेल्या माणसाला मात्र वाटेत भेटते ती बोर. ती कोणी लावलेली नसते. पाखरांनी किंवा शेळ्यांनी टाकलेल्या आठोळीतून ती बांधाच्या कडेला उगवते, नांगराच्या वाटेत येत नाही म्हणून राहते, आणि दुष्काळात उभे पीक वाळून गेले तरी हिरवी असते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तेही कधी आणि कसे पडेल याचा भरवसा नाही. अशा प्रदेशात ज्या झाडाचे सोटमूळ अगोदरच खोल गेलेले आहे, ते झाड म्हणजे शेतकऱ्याच्या हाती आयती आलेली विहीरच होय.

या झाडाचे फळ बहुधा लहान, आंबट आणि आठोळीच मोठी, असे असते. म्हणून सुधारणेची गोष्ट निघाली की शेतकऱ्यास दोन सल्ले मिळतात. पहिला, झाड तोडून तेथे सुधारित जातीचे कलम लावावे. दुसरा, बुंध्यापासून करवतून एकाच पावसाळ्यात त्यावर डोळे भरावे आणि काम झाले असे समजावे. पहिला सल्ला वीस-तीस वर्षांचे मूळ फुकट घालवितो. दुसरा शास्त्राला धरून आहे. अनेक ठिकाणी तो यशस्वीही झाला आहे. तथापि ज्या घराचे दोन-चार शेळ्यांवर चालते, त्या घरी बांधावरील सगळ्या बोरी एकाच उन्हाळ्यात बोडक्या केल्या तर पाला कोठून आणावयाचा, हा प्रश्न सल्लागाराच्या ध्यानी सहसा येत नाही. पुढच्या वर्षी तोच शेतकरी त्या खुंटांवरचे रानटी धुमारे निमूटपणे वाढू देतो आणि झाड पुन्हा पूर्वीचे होते. दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाचा मानला जातो. तो वास्तविक घाईचा असतो.

झाडाला नवे रूप देणे हे वर्षांच्या मापाने करावयाचे काम आहे, ही गोष्ट जपानी माळ्यांनी फार पूर्वी ओळखली. तेथे जुनिपर नावाचे सुरूसारखे दिसणारे झाड उथळ कुंडीत लहान ठेवून वाढवितात. आपल्या हिमालयातही जुनिपरच्या जाती रानात आढळतात. त्याच्या फांद्यांना तार गुंडाळून वाकवितात, तार सालीत रुतण्यापूर्वी काढून घेतात, आणि एक मोठी छाटणी झाली की झाड सावरेपर्यंत दुसरी करीत नाहीत. जुनिपरच्या फांदीवरील सर्व हिरवा भाग काढला तर ती फांदी बहुधा पुन्हा फुटत नाही, मरते. एकाच वेळी फार छाटले तर पुष्कळदा मऊ पाल्याच्या जागी काटेरी, कोवळ्या रोपासारखा पाला येतो. सावरावयास मग दोन-तीन वर्षे जातात.

बोरीचा स्वभाव याच्या उलट आहे. तिच्या जुन्या, जाड लाकडातूनही जोमदार धुमारे फुटतात. म्हणूनच ती बुंध्यापासून कापण्याचा धीर होतो. परंतु झाड मरत नाही एवढ्यावरून त्याच्यावर ताण पडत नाही असे ठरत नाही. सगळी फांदी एकदम गेली की मुळांना अन्न पुरविणारे पान उरत नाही. मुळांत साठलेल्या जोरावर डझनावारी धुमारे एकाच वेळी उसळतात, ते सर्व सांभाळणे शेतकऱ्यास शक्य होत नाही, आणि जोमाने वाढलेली कोवळी कलमी फांदी पहिल्याच वाऱ्यात डोळ्याच्या सांध्यापाशी निखळते. याकरिता ज्या बोरीला दोन-तीन मोठ्या फांद्या आहेत तिचे रूपांतर टप्प्याने करणे अधिक शहाणपणाचे.

एप्रिल-मे महिन्यांत बोर पाने गाळून विश्रांती घेते. हीच करवतीची वेळ. पहिल्या उन्हाळ्यात निम्म्या फांद्या खोडापासून हात-दीड हात ठेवून कापाव्या. बाकीच्या पोशिंद्या म्हणून राखाव्या. कुऱ्हाडीने घाव घालू नये, त्याने खुंट चिरतो. कापलेल्या जागी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट लावावी. निघालेल्या काटेरी फांद्या चुलीसाठी न नेता खुंटाभोवती रचाव्या. बोरीच्या कोवळ्या फुटीला शेळीपासून वाचविणारे कुंपण बोरीच्याच काट्यांइतके स्वस्त दुसरे नाही.

पावसाच्या तोंडी धुमारे फुटले की प्रत्येक खुंटावर बाहेरच्या अंगाने वाढणारे, एकमेकांपासून दूर असलेले तीन-चार राखून बाकीचे चोळून काढावे. जुलै-ऑगस्टमध्ये ते पेन्सिलीएवढे जाड होतात आणि साल सहज सुटू लागते, तेव्हा ढाल पद्धतीने डोळे भरावे. डोळकाडी ज्या झाडाचे फळ स्वतः खाल्ले आहे त्याच झाडाची घ्यावी, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावी. तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा व टवटवीत दिसला की वरचा धुमारा छाटावा. नवी फूट काठीला सैल बांधावी. यानंतर खरे काम सुरू होते, आणि ते कंटाळवाणे आहे. डोळ्याखालून येणारी रानटी फूट दर पंधरवड्यास काढावी लागते. एक पावसाळा दुर्लक्ष झाले तर ती कलमी फुटीला दाबून टाकते. रूपांतर फसते ते बहुतेक येथेच.

दुसऱ्या उन्हाळ्यात पोशिंद्या फांद्यांची पाळी. तोवर पहिल्या कलमी फांद्यांना पाला आलेला असतो. त्या आता मुळांना पोसू शकतात. त्यांचेही शेंडे मारावे म्हणजे त्यांना जोड फुटतात. ही शेंडे मारण्याची गोष्ट शेतकऱ्यास जिवावर येते, कारण फांदी लांब व देखणी झालेली असते. परंतु तशीच सोडली तर ती फळाच्या भाराने जमिनीला टेकते. तिसऱ्या उन्हाळ्यात झाडाचा सांगाडा ठरतो. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून मध्यभागी उजेड जाईल असे करावे. त्यानंतरही बोरीची छाटणी दर उन्हाळ्यास हवीच, कारण तिला फुले येतात ती त्या वर्षीच्या नव्या फुटीवर. न छाटलेली बोर दर वर्षी उंच जाते आणि फळ लहान होत जाते.

टप्प्याच्या पद्धतीत एक उणीव आहे, ती झाकून ठेवू नये. राखलेल्या गावठी फांदीची किडकी फळे खाली पडून फळमाशीची वीण वाढते. ती वेचून नष्ट करावी आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती उकरून तापू द्यावी, कारण या माशीचे कोष मातीत असतात. हा त्रास मान्य नसेल त्याने एकदम करवतावे; परंतु शेळ्यांच्या पाल्याची सोय आधी पाहावी.

विस्तार कार्यकर्त्यांच्या अडचणीचाही विचार केला पाहिजे. राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत (२०१८) अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून दिले जाते, आणि पुढचा हप्ता झाडे किती जगली यावर अवलंबून असतो. फळझाड हे तीन वर्षांचे प्रकरण आहे, हे शासनाने त्यात मान्य केले आहे. परंतु बांधावरील सुट्या जुन्या झाडास हा न्याय क्वचितच लागतो. किती डोळे भरले याची नोंद होते. त्यांतील किती दुसऱ्या दिवाळीला जिवंत होते हे विचारण्यास कोणी जात नाही. वर्षाकाठी शंभर झाडांचे प्रात्यक्षिक करण्यापेक्षा दहा झाडांकडे तीन वर्षे फेऱ्या घालणारा कार्यकर्ता गावाच्या अधिक उपयोगी पडेल, मग त्याचा अहवाल कितीही लहान दिसो. गावातील दोन तरुणांना डोळे भरणे शिकविले तर त्या फेऱ्याही पुढे कमी होतील. झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची संमती करवत लागण्यापूर्वी घ्यावी, हेही त्यानेच सांगावयाचे.

कोणत्या जातीचा डोळा भरावा, यावर मतभेद आहेत. उमराण व कडाका या सोलापूरकडील शेतकऱ्यांच्या परिचयाच्या जाती. पुण्याच्या बाजारात जिल्ह्यातून उमराण, चमेली, चेकनट अशी बोरे जातात. त्यांच्याबरोबर चण्यामण्याही जाते. हे फळ आकाराने लहान, तरी त्याला गिऱ्हाईक आहे. यावरून एवढे दिसते की मोठे फळ तेच चांगले, हा समज बाजारालाही सर्वस्वी मान्य नाही. सबंध बांध एकाच जातीचा करू नये. भावाची घसरण सर्व झाडांना एकदम गाठते.

आणि गावातील प्रत्येक गावठी बोर बदललीच पाहिजे असेही नाही. संक्रांतीला सुगडात घालावयाचे आणि बोरनहाणात लहान मुलांच्या डोक्यावरून ओतावयाचे बोर कलमी असून चालत नाही, निदान घरातील म्हाताऱ्यांना ते चालत नाही. ज्या झाडाचे बोर गावची पोरे दगड मारून पाडतात, त्याची चव बहुधा चांगलीच असते. ते झाड कोणते हे पोरांनाच विचारावे आणि त्याला करवत लावू नये. पुढे डोळकाडीसाठीही तेच उपयोगी पडेल.