सातशे किलोमीटर आणि पाच पावलं

दोस्तांनो, या वेळचा प्रश्न आलाय हिंगण्याहून. नागपूरजवळचं हे गाव एमआयडीसीमुळे तुमच्यापैकी पुष्कळांना ऐकून माहीत असेल. तिथली सातवीतली एक मैत्रीण लिहिते, ‘माझा दादा नोकरीसाठी पुण्याला असतो. दर रविवारी आम्ही घरच्या कॉम्प्युटरवर त्याच्याशी व्हिडिओ कॉल करतो. दादा म्हणतो, तुम्ही सगळे काळे काळे दिसता आणि आवाजात नुसती घरघर येते. आजीला तर दादाचं काहीच ऐकू येत नाही. ती “हो, हो” म्हणते आणि आत निघून जाते. पुणं इतकं लांब आहे म्हणून असं होतं का?’

आधी या शेवटच्या प्रश्नाचा निकाल लावू या. पाटी-पेन्सिल घ्या.

नागपूर ते पुणे रस्त्याने साधारण ७०० किलोमीटर. आपला आवाज आणि चित्र यातलं बहुतेक अंतर काचेच्या बारीक तारांमधून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाश होऊन कापतात. काचेतून जाताना प्रकाशाचा वेग असतो सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. करा भागाकार! उत्तर येतं ०.००३५ सेकंद. पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. वाटेतली यंत्रं आणखी थोडा वेळ खातात, पण दूरसंचाराची मानकं ठरवणारी आयटीयू ही जागतिक संस्था सांगते की, ०.१५ सेकंदापर्यंत उशीर झाला तरी बोलणाऱ्यांना तो फारसा जाणवत नाही. तेव्हा पुण्याला दोष नको.

मग घोटाळा होतो कुठे? बहुतेक वेळा आपल्याच घरात, शेवटच्या पाच पावलांत! तोंडापासून माईकपर्यंत, खिडकीपासून चेहऱ्यापर्यंत आणि राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत.

सुरुवात आवाजापासून करू. चित्र अडकलं तरी गप्पा चालू राहतात. आवाज गेला, की कॉल संपलाच म्हणायचा.

नागपूरकडचा मे महिना म्हणजे ४५ अंशांचं ऊन आणि खिडकीत घरघरणारा कूलर. आपल्याला त्या घरघरीची इतकी सवय असते, की मेंदू ती बाजूला सारतो. माईकला कुठला आलाय मेंदू? तो आपलं बोलणं आणि कूलर, दोन्ही सारख्याच इमानदारीने पुण्याला पाठवतो. आता ‘कूलर बंद करा’ असं मी मे महिन्यात सांगितलं, तर आजी माझ्याच अंगावर धावून येईल! पण एक युक्ती आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं, की आवाजाची तीव्रता चौपट होते. कॉम्प्युटरचा माईक तोंडापासून ६० सेंटीमीटरवर असेल आणि त्याऐवजी तुम्ही इअरफोनच्या वायरवरचा माईक १५ सेंटीमीटरवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं. चार चोक सोळा! खोलीत भिंती असल्यामुळे नेमका हाच आकडा मिळणार नाही, पण फरक मोठा पडेल. कूलरचा आवाज मात्र वाढत नाही, कारण माईक काही कूलरच्या जवळ गेलेला नाही. फक्त माईकवर कूलरचा वारा थेट येऊ देऊ नका, नाहीतर ‘भर्र भर्र’ सुरू होईल.

पण यातून दादाची सोय झाली. आजीचं काय? इथेच खरी गंमत आहे. आजीला जो आवाज येतो, तो दादाच्या माईकने पकडलेला असतो. म्हणजे आजीला नीट ऐकू यावं म्हणून माईक जवळ घ्यायचा तो पुण्यात! आपण फक्त स्पीकर आजीजवळ ठेवायचा आणि माईक त्याच्यापासून लांब. प्रतिध्वनीचंही असंच. बोलताना तुमचाच आवाज परत तुमच्या कानावर आला, तर बहुतेक वेळा दोष समोरच्या घरातला असतो. तिथल्या स्पीकरमधून आलेला तुमचा आवाज तिथल्याच माईकमध्ये शिरून परतीच्या वाटेला लागतो. ज्याला त्रास होतो तो एक, आणि ज्याच्यामुळे होतो तो दुसरा. दुसऱ्याने इअरफोन लावले, की बिचारा प्रतिध्वनी गप्प.

हल्लीचे कॉलचे प्रोग्रॅम एकसारखी चालणारी घरघर ओळखून आपणहून कमी करतात. पण पेटी शिकणाऱ्यांनो, सावधान! लांबवलेला सूरही एकसारखाच असतो. प्रोग्रॅमला वाटतं हा कूलरच, आणि तो तुमचा ‘सा’ कापून टाकतो. गाण्याच्या क्लासला ही सफाई बंद करावी. झूममध्ये त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे.

आता चित्राकडे वळू. १९९१ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटरच्या संशोधकांनी चक्क कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला. का? तर कॉफी शिल्लक आहे की नाही, हे जागेवरून न उठता कळावं म्हणून! चित्र १२८ ठिपके रुंद आणि १२८ ठिपके उंच, तेही काळं-पांढरं, आणि मिनिटाला साधारण तीनदाच बदलणारं. कॉफीचं भांडं थोडंच हलतं? आपण मात्र हलतो, हसतो, मान डोलावतो. त्यामुळे आजच्या कॉलमध्ये सेकंदाला २५ ते ३० चित्रं लागतात आणि चांगल्या प्रतीच्या एका चित्रात ९ लाखांहून जास्त ठिपके असतात.

एवढं सगळं पाठवायचं म्हटलं तर नेट कोलमडेल. म्हणून कॉम्प्युटर हुशारी करतो. आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं, मुख्यतः तेवढंच पाठवतो. आता तुमच्या पाठीमागे पंखा गरगरत असेल, किंवा कूलरच्या वाऱ्याने पडदा फडफडत असेल, तर काय होईल ओळखा पाहू! बिचारा कॉम्प्युटर पंखाच पाठवत बसेल आणि तुमच्या चेहऱ्याच्या वाट्याला कमी येईल. मागे साधी, स्थिर भिंत असली की झालं.

आणि ‘काळे काळे’ दिसण्याचं कारण? खिडकी पाठीमागे असणं. बाहेरच्या लख्ख उजेडाला सांभाळायला कॅमेरा सगळं चित्र मंद करतो आणि तुमचा चेहरा अंधारात जातो. खुर्ची फिरवा. खिडकी तोंडासमोर येऊ द्या. उजेड फार कमी असेल, तर कॅमेरा एकेका चित्राला जास्त वेळ घेतो. मग हात हलवला की तो पुसट होतो. शिवाय अंधाऱ्या चित्रात बारीक वळवळते ठिपके येतात आणि कॉम्प्युटरला तेही ‘बदल’ म्हणून पाठवावे लागतात. पाहिलंत? एक दिवा चेहऱ्यासमोर लावला, तर नेटवरचा भारसुद्धा हलका होतो. जाता जाता कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसा आणि लॅपटॉपखाली मागच्या वर्षीची पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. नाहीतर दादाला तुमच्या नाकपुड्यांचंच दर्शन!

राहिला राऊटर. तो लोखंडी कपाटामागे किंवा कूलरच्या पलीकडे नाही ना, बघा. धातू आणि पाणी, दोन्ही वायफायच्या लहरी अडवतात, आणि पत्र्याच्या कूलरमध्ये तर दोन्ही असतात. जमलं तर सरळ केबल जोडा. कॉल चालू असताना घरात कुणी गेम किंवा सिनेमा उतरवून घेत असेल, तर त्याला अर्धा तास थांबायची विनंती करा. आणि तरीही कॉल अडखळला, तर कॅमेरा बंद करा, पण बोलत राहा. चित्राच्या मानाने आवाजाला नेट फारच थोडं लागतं.

आता करून पाहायचा प्रयोग. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याने स्वतःचं एकेक मिनिटाचं तीनदा चित्रण करा: खिडकी मागे आणि माईक लांब, खिडकी समोर आणि माईक लांब, खिडकी समोर आणि माईक जवळ. कूलर तिन्ही वेळा चालू. मग तिन्ही बघा आणि डोळे मिटून ऐका. हे का करायचं, ठाऊक आहे? कॉलवर आपण पुण्यात कसे दिसतो, कसे ऐकू येतो, ते आपल्याला कधीच कळत नाही. ते फक्त समोरच्याला कळतं, आणि समोरचा बहुतेक वेळा भिडेपोटी काही बोलत नाही.

आजीच्या ‘हो, हो’चं तेच तर आहे. ‘आजी, ऐकू येतंय का गं?’ असं विचारलं, तर उत्तर ‘हो’च येणार. म्हणून दादाला सांगा, पहिलाच प्रश्न असा विचार, ‘आजी, आज भाजी कुठली केली?’ उत्तर ‘वांग्याची’ आलं, तर सगळं ठीक. उत्तर ‘हो, हो’ आलं, की तुम्ही समजून जायचं आणि लगेच स्पीकर-माईक तपासायचे. आई-बाबांनो, एवढं सगळं करूनही आजींना दादाचं बोलणं समजत नसेल, तर कॉम्प्युटर सोडा आणि त्यांचे कान डॉक्टरांना दाखवून घ्या.

येत्या रविवारी हे सगळं करून पाहा, दोस्तांनो. आणि भाजी कुठली होती, ते मला कळवायला विसरू नका!