झाडीपट्टीचा समाजाश्रय

मराठी नाटकाला प्रेक्षक उरला नाही, हे रडगाणे पुण्या-मुंबईत अधूनमधून नव्याने गायिले जाते. परिसंवाद होतात, ठराव होतात आणि शेवटी अनुदानाची मागणी शासनदरबारी रुजू होते. त्याच दिवसांत, महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये घोंगड्या आणि ब्लँकेटे पांघरून हजारो माणसे रात्रभर नाटक पाहत बसलेली असतात. तिकीट काढून, लेकरांबाळांसह! मराठी रंगभूमीच्या चर्चेत या प्रेक्षकाची गणना सहसा होत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील वैनगंगेच्या दोन्ही काठांचा घनदाट झाडीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. येथील नाटकांचा हंगाम पंचांगाशी आणि पिकाशी बांधलेला आहे. दिवाळीत, भाऊबिजेच्या सुमारास, मंडईच्या जत्रांबरोबर तो सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. धान घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, थंडी असते आणि पाऊस नसतो. दंडारीसारख्या लोकनाट्याच्या पोटातून ही परंपरा वाढली. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, ज्याला सारे जण आजही वडसा म्हणतात, हे तिचे केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालये तेथे आहेत. गावोगावचे कार्यकर्ते येतात, फलक पाहतात, कलावंतांची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि तारीख ठरवून परततात.

या व्यवस्थेचे मर्म त्या कार्यकर्त्यांत आहे. नाटकाचा धोका कंपनी घेत नाही, गाव घेते. गावातील एखादे मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते, कापडी मांडव घालते, तिकिटे खपवते. तोटा झाला तर तो कार्यकर्त्यांच्या खिशातून जातो. नफा झाला तर देवळाच्या, शाळेच्या किंवा मंडळाच्या कामी लागतो. नाटक ठरले की लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात. घरोघरी पाहुणचार, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. सोयरिकी याच दिवसांत जुळतात. वधूपित्याला स्थळ पाहण्यासाठी एवढी सोयीची संधी दुसरी कुठली मिळणार?

एक धागा ओढला की सारे वस्त्र कसे उसवते, याचा अनुभवही या प्रदेशाने घेतला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. मुक्या जनावरांचा छळ होऊ नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण पट बंद झाला तेथे पाहुण्यांचे निमित्तही गेले आणि पटाच्या आधाराने उभे राहणारे नाटक उघडे पडले. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. दरम्यान 2020 च्या महासाथीने हंगाम कोलमडला होता. पुढे तो पुन्हा उभा राहिला, तो लोकांच्या हौसेवर.

झाडीपट्टीचे नाटक गाण्यावाचून होत नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सुरू झालेले संगीत नाटकाचे पर्व बोलपटांच्या आगमनानंतर शहरांत ओसरले. येथे मात्र पेटी-तबल्याची साथ टिकली. नट स्वतः गातो, आणि आवडलेल्या पदाला पुन्हा एकदा म्हणण्याचा आग्रह होतो. विषय कौटुंबिक, सामाजिक: दारू, हुंडा, अंधश्रद्धा, कर्जात बुडालेला शेतकरी. मांडणी भडक असते, रडणे मोठ्याने असते. शहरी समीक्षक नाक मुरडतात. मुरडोत बापडे! पहाटेपर्यंत चार-पाच तास प्रेक्षकाला थंडीत जागे ठेवायचे, तर कुजबुजत्या अभिनयाने भागत नाही. विनोदी पात्राच्या तोंडून झाडीबोली आली की मांडवात जो हशा उसळतो, तो आपल्या घरची भाषा रंगमंचावर ऐकल्याचा आनंद असतो.

परंतु सारे आलबेल आहे असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. पूर्वी गावकरीच नाटक बसवीत. शिक्षक, गुराखी, तलाठी आणि सुतार एकाच तालमीत बसत; महिनाभर तालीम चाले आणि त्या महिन्यात जातीची व मानाची उतरंड काही काळ तरी विसरली जाई. आता विकत आणलेल्या नाटकाने ती तालीम मोडीत काढली आहे. प्रयोग अधिक सफाईदार झाला, पण गावाकडे उरले ते फक्त मांडव घालणे. दुसरे संकट नृत्याच्या नावाखाली घुसलेल्या थिल्लरपणाचे. तिकीट खपावे म्हणून कथानकाशी संबंध नसलेली, ध्वनिमुद्रित गाण्यांवरची नृत्ये घुसडली जातात. ज्या मांडवात आजी आणि नात शेजारी बसून नाटक पाहतात, त्या मांडवातून आधी आजी उठते, मग नातीला उठवले जाते, आणि पुढच्या वर्षी दोघीही येत नाहीत. हा दोष एकट्या कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही. वडशाला करार करताना गावाचे कार्यकर्ते काय मागतात, यावर ते ठरते. मंडळाने ठामपणे नकार दिला, तर कंपनी ते नृत्य गुंडाळून ठेवील. तिला पुढच्या वर्षीही त्याच गावात यायचे असते.

2023 मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरी वृत्तपत्रांनी या रंगभूमीची दखल घेतली. सन्मान उचितच होता. शासनाने यापुढे करावे ते एवढेच, की जुन्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मिळवून छापाव्यात आणि वृद्ध कलावंतांचे मानधन वेळेवर द्यावे. कंपन्यांना सरसकट अनुदान मात्र देऊ नये. आज नट गावाला उत्तरदायी आहे. उद्या तो तालुक्याच्या कारकुनाला उत्तरदायी होईल.

गावाची तालीम परत आणणे तर शासनाच्या हातात नाहीच. हंगामात मंडळाने कंपनीचे एक नाटक आणावे आणि एक स्वतः बसवावे, एवढे जमण्यासारखे आहे. पेटी वाजवणारे हात गावात आहेत तोवरच जमेल. नागपुरापासून वडसा काही तासांच्या अंतरावर आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांनी एखादी रात्र तिकडे काढावी, पास न मागता रांगेत उभे राहून तिकीट घ्यावे. ब्लँकेट घरूनच न्यावे. पौष महिन्यातली वैनगंगेकाठची पहाट फार बोचरी असते.