चेंडू एकीच्याच हातात का?

‘तिला दे, तिलाच दे!’ भोर-वेल्ह्याकडच्या महाविद्यालयीन मुलींच्या सामन्यात मैदानाबाहेरून ही हाक हमखास येते. बास्केटबॉल असला तर चेंडूसाठी, कबड्डी असली तर चढाईसाठी. खेळ बदलतो, हाक तीच राहते. संघात एक हुकमी मुलगी असते, गुण तीच करणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं, आणि उरलेल्या मुली तिच्या आजूबाजूला जागा भरत असतात. ही रीत चुकीची आहे आणि ती बदलता येते, असं माझं ठाम मत आहे.

या रीतीच्या बाजूने बोलणारी माणसं खेळ न कळणारी नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. लहान महाविद्यालयात खेळायला येणाऱ्या मुली मोजक्या. जूनपासून तोरणा-राजगडाच्या पायथ्याला पाऊस असा धरतो की मातीच्या मैदानावर पाय ठरत नाही. त्याच दिवसांत भाताची लावणी असते, मुली घरच्या खाचरात असतात. पाऊस ओसरायच्या आत विभागीय स्पर्धांचं वेळापत्रक हाती पडतं. एवढ्या थोड्या वेळात बारा जणींना घडवायचं कसं? त्यापेक्षा जिच्या हाताला यश आहे तिला तयार करावं आणि बाकीच्यांनी तिला साथ द्यावी. ती विद्यापीठाच्या संघात गेली, पुढे राज्याकडून खेळली, तर शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणापर्यंत तिची वाट जाते. सगळ्यांचं नाही तर निदान एकीचं तरी भलं होऊ दे.

यातला शेवटचा मुद्दा मनाला लागणारा आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी गुणांचा हिशेब पाहू.

जी जास्त गुण करते तिच्याच हातात चेंडू असला की संघाचे गुण वाढतात, हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. पण पहिल्या पाच मिनिटांतली तिची फेक आणि शेवटच्या पाच मिनिटांतली फेक सारखी नसते. पहिली मोकळ्या जागेतून घेतलेली असते. शेवटची दोघी अंगावर असताना, दमलेल्या पायांनी, घाईत घेतलेली असते. समोरच्या संघाचे प्रशिक्षकही डोळे उघडे ठेवूनच बसलेले असतात. चार जणी चौकोनात उभ्या करायच्या आणि पाचवी सावलीसारखी त्या एकीच्या मागे लावायची, हा ‘बॉक्स-अँड-वन’ बचाव नेमका अशाच संघांसाठी आहे. त्यात बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यापुरती बाद. दोन-तीन फाउल तिच्या नावावर चढले की ती बचावात हात आखडते, आणि तिच्याबरोबर सगळा संघच आखडतो.

कबड्डीचे नियम तर याहून कठोर आहेत. चढाईपटूची पकड झाली की तिला बाहेर बसावं लागतं. सहकारी मुलींनी गुण मिळवल्याशिवाय ती परत येऊ शकत नाही. ज्यांनी आजवर चढाईच केलेली नाही, त्यांनीच आता गुण आणून तिला सोडवायचं असतं. ते जमलं नाही की एकेक करून मैदान रिकामं होतं आणि लोण चढतो. एकीवर विसंबलेला कबड्डीसंघ कसा कोसळतो, हे पाहायला भोरबाहेर जायची गरज नाही.

जगातलं सर्वांत गाजलेलं ताजं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क. महाविद्यालयीन कारकिर्दीत तिने ३,९५१ गुण केले. तिथल्या मोठ्या विद्यापीठांच्या स्पर्धेत पुरुष किंवा महिला कुणीही तोवर एवढे केले नव्हते. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तिने आयोवाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं. दोन्ही अंतिम सामन्यांत तिने ३० गुण केले. दोन्ही सामने आयोवा हरली.

२०२४चा अंतिम सामना साउथ कॅरोलिनाशी होता, ८७-७५. क्लार्कने पहिल्या पावभागातच १८ गुण केले. उरलेल्या तीन पावभागांत मिळून तिच्या वाट्याला १२ आले. साउथ कॅरोलिनाच्या राखीव मुलींनी त्या दिवशी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव मुलींनी शून्य. विजेत्या संघातर्फे सर्वाधिक १९ गुण करणारी टेसा जॉन्सन प्रथम वर्षाची विद्यार्थिनी होती आणि तीही राखीव म्हणून उतरलेली. त्या हंगामात साउथ कॅरोलिनाने ३८ सामने खेळले आणि अडतीसही जिंकले.

हे वाचून दुसऱ्या टोकाची माणसं लगेच म्हणतील, ‘पाहा, एक मुलगी डोक्यावर चढवली की संघ बुडतो.’ हेही मला अजिबात मान्य नाही. क्लार्कशिवाय आयोवा त्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली असती, असं कुणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. शिवाय गुणांसाठी दुसऱ्यांना पास देण्यातही त्या वर्षी क्लार्कच देशात पहिली होती. ती चेंडू अडवून बसली नव्हती. आपल्याकडे मात्र चांगल्या खेळणाऱ्या मुलीला ‘फार शेफारली’, ‘पासच देत नाही’ असं बोलायला लोक टपलेले असतात. पास द्यायला समोर फेकायची तयारी असलेली कुणी उभी नसेल, तर तिने करायचं काय? दोष तिचा नाही. वर्षभराचा सराव ज्यांनी आखला, त्यांचा आहे.

तारका नकोच, हा विचार महिलांच्या बास्केटबॉलइतकाच जुना आहे. १८९२ साली अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना हा खेळ शिकवला, तेव्हा त्यांनी मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीला आपल्याच भागात राहायला लावलं. एकीने सगळं मैदान व्यापू नये, खेळ सगळ्यांचा राहावा, हा त्यामागचा एक हेतू होता. हेतू चांगला, उपाय वाईट. मुलींना फार धावणं झेपत नाही, ही त्या काळची समजूतही त्या रेषांमध्ये होती. पाच जणींनी पूर्ण मैदानावर खेळण्याचा नियम तिथल्या महाविद्यालयीन मुलींना अधिकृतपणे मिळायला १९७१ साल उजाडलं. धावणारीचे पाय बांधून संघ घडत नाही. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली, तेव्हा कितीतरी मुलींनी हातात पहिल्यांदा चेंडू घेतला असेल. अशा मुली हव्यातच.

मग हवं काय? हुकमी मुलगी हवी, आणि तिच्याशिवायही गुण करणारा संघ हवा. विसंबून राहण्याची सवय सामन्यात लागत नाही, सरावात लागते. आपल्याकडे हुकमी खेळाडू बहुधा कोण असते? जी वसतिगृहात किंवा मैदानाजवळ राहते, जिला एसटीची घाई नाही. जिला शेवटची गाडी धरून पानशेतच्या बाजूला किंवा वरंध घाटाच्या वाटेवरच्या गावात पोहोचायचं असतं, ती सराव अर्धा टाकून निघते. तिच्यात खेळ कमी आहे असं कुणी तपासलेलंच नसतं. संध्याकाळचा सराव सकाळी पहिल्या तासाआधी किंवा दुपारच्या मधल्या वेळेत आणला, तर आजची ‘साधी’ मुलगी दोन महिन्यांत वेगळी दिसेल.

सरावाच्या पद्धतीतही बदल हवेत. आठवड्यातून एकदा हुकमी मुलीला बाहेर बसवून चौघींना पाच जणींविरुद्ध खेळवा. काही डाव असे ठेवा की तीन वेगवेगळ्या हातांतून गेल्याशिवाय चेंडू बास्केटकडे जाणारच नाही. तिला स्वतः न फेकता दोघींना आपल्याकडे ओढून घ्यायला शिकवा, कारण तिच्या अंगावर दोघी गेल्या की एक मुलगी मोकळी सुटते. कबड्डीत ‘करो या मरो’ चढाईला दुसरी, तिसरी मुलगी पाठवायची सवय सरावातच लावा. राखीव मुलींना सामना हातचा गेल्यावर नव्हे, दुसऱ्या पावभागात उतरवा. पावसात मैदान नसेल तर शाळेच्या सभागृहात, कार्यालयाच्या पडवीत पासचा सराव होतो. त्याला बास्केटही लागत नाही.

खो-खोकडे पाहा. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, खो द्यावाच लागतो. नियमच काम वाटून देतो. जानेवारी २०२५ मध्ये प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला विश्वचषक जिंकला, तो असा वाटलेल्या पाठलागावर. आणि आपल्या मावळात हे नव्याने सांगायला नको. लावणीला सावड करतात, एका घराचं खाचर सगळे मिळून लावतात, मग दुसऱ्याचं. बास्केटबॉलमध्ये नियम हे करून देत नाही, म्हणून प्रशिक्षकाने करायचं.

आता तो नोकरीचा आणि भल्याचा मुद्दा. सांघिक खेळातलं प्रमाणपत्र संघ पुढच्या फेरीत गेला तरच मोलाचं ठरतं. दुसऱ्याच फेरीत गारद झालेल्या संघातली हुकमी मुलगी निवड समितीला दिसणार कधी? प्रत्येक सामना पूर्ण वेळ एकटीने ओढणाऱ्या मुलीचा गुडघा गेला, तर तिची वाट तिथेच थांबते. आणि गुडघ्याच्या दुखापतीचा धोका या खेळात मुलांपेक्षा मुलींना जास्त आहे. तिचं भलं व्हावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनीच तिच्या खांद्यावरचं ओझं उतरवायला हवं.

आणि बाकीच्या अकरा जणींचं काय? वर्षभर नुसत्या टाळ्या वाजवून परतलेल्या मुलीला घरी विचारतात, ‘खेळायला तरी देतात का तुला?’ उत्तर ‘नाही’ असलं की पुढच्या वर्षी ती येत नाही. तीन वर्षांनी हुकमी मुलगी पदवी घेऊन जाते आणि महाविद्यालयाला संघच उरत नाही. नव्या हुकमी मुलीची वाट पाहत मैदान पडून राहतं. हे नुकसान गुणफलकावर दिसत नाही, म्हणून ते मला सर्वांत मोठं वाटतं.

भोर आणि वेल्ह्याच्या महाविद्यालयांतल्या शारीरिक शिक्षण संचालकांना माझी विनंती आहे. यंदाच्या विभागीय स्पर्धेआधी निदान दोन सराव सामने तुमच्या हुकमी मुलीला बाहेर बसवून खेळवा. हरलात तरी चालेल. कुणी किती फेकी घेतल्या, कुणी किती चढाया केल्या, हे वहीत लिहा, आणि ज्या मुलीच्या नावापुढे शून्य असेल तिच्यापासून दुसऱ्या दिवशीचा सराव सुरू करा.